सही करण्याआधी

कामठा, जि. गोंदिया

चि. छोटीस,


कंपनीने तुमच्या नागपूरच्या साइटवर एआयचे सॉफ्टवेअर आणले, ड्रोन रोज फिरतो, गेटवर चेहरा दाखवल्याशिवाय हजेरी लागत नाही, हे तुझ्या पत्रातून कळले. ‘मामा, उद्या माझे कामही हेच करेल का?’ असे तू विचारलेस. तुझे बरेचसे कागदी काम ते करेल, आणि ते खुशाल करू दे. पण ज्या कागदाखाली सही तुझी, तो खरा की खोटा हे तुलाच पाहावे लागेल. हे सॉफ्टवेअर शिकायचेच नाही, असा हट्ट मात्र धरू नकोस. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने 2020 मध्ये कामांच्या नोंदी ठेवणारी ‘डेटा लेक’ ही संगणकीय यंत्रणा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी महामार्गांच्या कामांचे दर महिन्याला ड्रोनने चित्रीकरण सक्तीचे केले. तुमच्या नागपुरातच 2021 मध्ये आयरास्ते प्रकल्प आला. शहर बसमध्ये कॅमेरे बसवले आणि थोडक्यात टळलेले अपघात कुठे होतात याची नोंद सुरू झाली. माणूस मरण्याआधी रस्त्यातली धोक्याची जागा कळावी, याहून चांगला उपयोग मला दिसत नाही. तरी तिथला दुभाजक सरळ करायला, दिवा लावायला अभियंताच लागतो.

आता काँक्रीटचे घे. 150 मिलिमीटरचे क्यूब भरायचे आणि 28 दिवसांनी दाबून पाहायचे, ही आपली पद्धत. मिश्रणाचे प्रमाण, हवेचे तापमान, क्युरिंगच्या नोंदी दिल्या की ताकद किती भरेल याचा अंदाज आता सॉफ्टवेअर आधीच सांगते. पण या नोंदी त्याला मिळतात कुठून? साइटवरच्या रजिस्टरातून. आणि पाणी मारल्याचे रजिस्टर पुष्कळ ठिकाणी कसे भरतात, हे तूही आता पाहिले असशील: शनिवारी संध्याकाळी, एका बैठकीत, एकाच पेनाने, सोमवारपासूनच्या सगळ्या ओळी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान 10 दिवस आणि मिश्र सिमेंटला 14 दिवस ओल राहिली पाहिजे, असे आयएस 456 सांगते. टँकर दोन दिवस आला नाही की स्लॅबवरची पोती कडकडीत वाळतात, रजिस्टरात मात्र ‘सकाळ-संध्याकाळ पाणी मारले’ असेच राहते. सॉफ्टवेअर ते वाक्य खरे धरून आकडा काढते. तू धरू नकोस. भर दुपारी दोनला स्लॅबवर चढ, पोते उचल, खाली हात लावून ओल बघ आणि मग नोंद कर. पावसाळ्यात रेती मुठीत दाबून पाहा. गोळा धरत असेल तर तिच्यातले पाणी हिशेबात धरून मिक्सरचे पाणी कमी करायला सांग. प्लांटवर ओलावा मोजायचा सेन्सर असला तरी त्याचा आकडा अधूनमधून असा ताडून पाहा.

जमिनीच्या बाबतीत तर मी आणखी कडक आहे. आपला धान पिकवणारा शेतकरी कन्हार, मोरंड, सिहार, खर्डी अशी माती नावानिशी ओळखतो. कन्हार पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया टाकला की थोड्याच वर्षांत भिंतीला तडे दिसतात. दोन कोपऱ्यांत बोअर घेऊन संगणकाने सगळ्या प्लॉटची माती ठरवली, पण मधोमध पूर्वी बोडी, म्हणजे लहान तळे, होती आणि ती मुरूम टाकून बुजवली, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. शेजारच्या बांधीतला म्हातारा सांगतो. त्याला विचारायला लाजू नकोस. आपल्या भागातले जुने तलाव कोहळी समाजाने बांधले. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावाने ओळखला जातो. उताराची आणि पाण्याची नेमकी पारख नसती तर ते बांध आजवर टिकलेच नसते. त्या पारखीतले फारच थोडे अजून कोणत्या संगणकात भरले गेले असेल, असे मला वाटते.

हेल्मेट घातले की नाही हे बघणारा कॅमेरा तुमच्याकडे आहे, हे चांगलेच. पण 31 जुलै आणि 1 ऑगस्ट 2023 यांमधली रात्र आठव. समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ सरळांबे इथे गर्डर चढवणारे यंत्र कोसळले आणि 20 माणसे गेली. असा कॅमेरा तिथे असता तरी त्याने हेल्मेटच मोजली असती. उंचावर वजन लटकत असताना तुझ्या मनात शंका आली आणि स्क्रीनवर सगळे हिरवे दिसत असले, तरी काम थांबव. वरचे रागावतील, रागावू दे.

आणि ती चेहऱ्याची हजेरी. धान निघाले की आपल्या भागातले कितीतरी मिस्त्री आणि रेजा नागपूर-हैदराबादच्या साइटवर जातात. कोण दहा मिनिटे उशिरा आला हे काढायला ती हजेरी वापरली जाणारच. मला तिचा दुसरा उपयोग हवा आहे. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते, मुलांना शिष्यवृत्तीही मिळते. पण त्यासाठी 90 दिवसांचा दाखला लागतो. आजवर ठेकेदार म्हणायचा, दिवस लिहून ठेवले नाहीत. आता एकेक दिवस तारखेसह तुमच्या संगणकात आहे. ती यादी काढून घे, 90 दिवस भरलेल्या प्रत्येक बाईला आणि माणसाला ठेकेदाराकडून सही-शिक्क्याचा दाखला मिळवून दे. कोणी टाळाटाळ केली तर साहेबांसमोर यादी ठेव. दिवाळीला माणसे गावी निघण्याआधी हे काम झाले पाहिजे.

तुझा,
मामा