ताटाच्या कडेची झालर

श्रावण लागला की मला फोन यायला लागतात. मंगळागौरीचं ताट, राखीचं ताट, मग गौरींची ओटी, मग भाऊबीज. बहुतेक जणींना ताटाच्या कडेला रिबनची झालर हवी असते. मी ती लावून देत नाही. काही जणी नाराज होतात, काही दुसरीकडून करून घेतात. आमच्या अकोल्यात, म्हणजे प्रवरेकाठच्या अकोल्यात, रिबनकाम करणाऱ्या आता बऱ्याच जणी आहेत. मुली मोबाइलवर बघून शिकतात आणि त्यांचा हातही छान बसतो. त्यांच्यासाठी, आणि घरच्या घरी हौसेनं करणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

२०१९ च्या दिवाळीत मी तशी १४ ताटं विकली होती. स्टीलचं दहा इंची ताट, कडेनं गुलाबी ऑर्गेंझाची दोन इंच उंच झालर, झालरीच्या बुडाशी मोत्यांची सर आणि मध्ये निरांजन ठेवायला साटिनचं कमळ. पंधरावं ताट मी माझ्यासाठी ठेवलं आणि भाऊबीजेला माहेरी घेऊन गेले. संध्याकाळची वेळ, दार उघडं, बाहेर वारा. ओवाळायला सुरुवात केली आणि ज्योत कलून झालरीला टेकली. दुसऱ्यांदा ताट फिरवेपर्यंत निम्मी कड पेटली होती. ऑर्गेंझा इतकं विरळ असतं की आग त्यावरून नुसती पळत जाते. वितळलेल्या रिबनचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. गरम तेलाचा थेंब पुसता तरी येतो. हा पुसला जात नाही, कातडीला चिकटून बसतो आणि आत आत भाजत राहतो. मी ताट अंगणात फेकलं. भावाची पाच वर्षांची मुलगी नवा घेरदार फ्रॉक घालून माझ्या कोपराशी उभी होती. ताट तिच्या अंगावर गेलं नाही, हे नशीब. माझी त्यात काही हुशारी नव्हती.

वहिनी घाईनं टूथपेस्ट घेऊन आली. भावानं ती लावू दिली नाही, माझा हात सरळ नळाखाली धरला आणि मी नको नको म्हणत असताना वीस मिनिटं धरून ठेवला. त्यानं केलं तेच बरोबर होतं, म्हणून इथे सांगून ठेवते. भाजल्यावर साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, पेस्ट नाही, हळद नाही. वितळलेलं प्लॅस्टिक चिकटलं असेल तर ते ओढून काढायचं नाही, खालची कातडी सोबत येते. ते डॉक्टरांना काढू द्यावं. माझ्या मनगटावर अजून चवलीएवढा डाग आहे.

आपण तिला रेशमी रिबन म्हणतो, तिथंच सगळी गफलत होते. बाजारात मिळणारी साटिन, ऑर्गेंझा, चमकीची रिबन जवळजवळ सगळी पॉलिएस्टर किंवा नायलॉनची असते. साटिन हे विणीचं नाव आहे, धाग्याचं नाही. पॉलिएस्टरचा हा धागा इंग्लंडमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये शोधला. त्याची जात पाण्याच्या बाटलीच्या प्लॅस्टिकचीच. साधारण २६० अंशांला तो वितळतो आणि निरांजनाची ज्योत त्याच्या कितीतरी पट तापलेली असते. रिबन कशाची आहे ते घरी ओळखता येतं. बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून, काडी लावून बघा. वितळून काळा कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. कागदासारखी जळून मऊ राख झाली तर सुती. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरडली गेली तर खरं रेशीम. मी हा तुकडा आधी जाळून पाहिला असता तर झालर लावलीच नसती. दहा वर्षं रिबन हाताळत होते, तिची टोकं रोज मेणबत्तीवर वितळवत होते, तरी तीच रिबन मी निरांजनाशेजारी उभी केली.

त्या रात्री हात दुखत होता, पण झोप लागेना ती बाकीच्या चौदा ताटांमुळे. दुसऱ्या दिवसापासून एकेकीला फोन केले. ताट परत आणा, झालर काढून देते, पैसे हवे असतील तर पैसे परत देते. दोघी जणी लगेच आल्या. एक जण म्हणाली, "अहो ताई, इतकं सुंदर आहे, मी दिवा लावणारच नाही, नुसतं शोकेसमध्ये ठेवीन." मी तिच्या घरी जाऊन ताट आणलं. शोकेसमधलं ताट घाईच्या दिवशी कोण बाहेर काढेल आणि त्यात कोण निरांजन ठेवेल, ते आपल्या हातात नसतं. ज्या वस्तूत ज्योत ठेवायची असते, तिला रिबन लावायची नाही, "वापरताना काळजी घ्या" असं सांगूनसुद्धा नाही. रिबन ज्योतीपासून निदान वीतभर लांब हवी, असं मी आता धरते. दहा इंची ताटात वीतभर अंतर येतच नाही.

मग ताट सजवायचं कशानं? हळद-कुंकवाची बोटं, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, पितळी किंवा काचेचे मणी. हौस भागत नसेल तर रिबनकाम ताटावर झाकायच्या रुमालावर करा. तो रुमाल ओवाळायच्या आधी बाजूला निघतो. मी आता हेच रुमाल करते. दाराच्या तोरणाला रिबन छान शोभते, पण तेच तोरण देव्हाऱ्याला लावलं तर खाली समई असते. गौरी-गणपतीच्या मखरालाही हाच नियम. पडदे आणि झालरी मागच्या बाजूला, समया पुढे आणि मध्ये मोकळी जागा. मखरासाठी थर्माकोल तर आणूच नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्येच बंदी आली आहे, आणि ते पेटतंही पटकन. जाड पुठ्ठा घ्या.

आता टोकं वितळवण्याबद्दल. रिबनचे धागे सुटू नयेत म्हणून टोक ज्योतीजवळ नेतात. टोक ज्योतीच्या वरच्या पिवळ्या भागात धरलं की काजळी बसते आणि पांढरी, पिस्ता रंगाची रिबन काळी पडते. ज्योतीच्या बुडाशी निळसर भाग असतो, त्याच्या बाजूला, ज्योतीला न टेकवता, क्षणभर धरायचं. मेणबत्ती ताटलीत पाणी घालून त्यात उभी करा. केस बांधा, ओढणी काढून ठेवा, खिडकी उघडी आणि पंखा बंद. सुती रिबन वितळत नाही. तिच्या टोकाला पातळ केलेला पांढरा गोंद किंवा बिनरंगाची नेलपॉलिश लावतात, पण नेलपॉलिश लावायच्या आधी मेणबत्ती विझवा. तिची वाफसुद्धा पेट घेते. लेकरं शेजारी बसून बघत असतील तर त्या दिवशी वितळवण्याचं काम नकोच, त्यांना कापायला आणि मणी ओवायला बसवा.

दुसरी ठेच रुखवताच्या कामात लागली. मे महिन्यातलं लग्न, कार्यालय संगमनेरकडे. सप्तपदीची सात पावलं, तुळशीवृंदावन, पालखी, सगळ्यावर मिळून तीनशे फुलं. वेळ कमी म्हणून फुलं ग्लू गननं चिकटवली. दुपारी ताडपत्री बांधलेल्या टेम्पोतून माल निघाला. कार्यालयात खोकी उघडली तर पावलं उघडी आणि फुलं खोक्याच्या तळाशी. ग्लू गनची कांडी उष्णतेनं पातळ होते म्हणून तर ती चिकटते, आणि पुन्हा तापली की तीच कांडी पकड सोडते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. हळदीपर्यंत मी नवरीच्या खोलीत सुई-दोरा घेऊन बसले होते. नवरीची आत्या आणि मावशी मदतीला बसल्या, म्हणून रुखवत मांडलं तरी गेलं.

तेव्हापासून आधी टाका, मग गोंद. पुठ्ठ्यावर आधी कापड ताणून घ्यायचं आणि फूल त्या कापडाला मागून दोन टाक्यांनी पक्कं करायचं. गोंद फक्त फूल हलू नये एवढ्यापुरता. स्टील आणि काचेवर टाका घालता येत नाही, तिथे पृष्ठभाग पॉलिश पेपरनं घासून घ्या. गुळगुळीत जागेवर गोंदाचा पापुद्रा अखंड सुटून येतो. आमच्याकडे पावसाळ्यात हे फार होतं. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा अकोल्यातही आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. त्या हवेत चिकटवलेलं काम लगेच पिशवीत बंद केलं की जरीची कड काळी पडते आणि तार घातलेल्या रिबनची तार गंजून डाग पडतात. लाल रिबन पांढरीला लागून ठेवायचीच असेल तर आधी लालचा तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबून ठेवा. रंग सुटला तर सकाळी चिंधी गुलाबी दिसेल.

हिशोबाची चूकही त्याच रुखवतात झाली. पाच पाकळ्यांच्या फुलाला दोन इंची रिबनचे दोन इंचांचे पाच चौकोन लागतात, म्हणजे दहा इंच. दहा मीटरच्या रोलमध्ये ३९ फुलं बसतात, म्हणून मी आठ रोल आणले. ३१२ फुलं, वर थोडी शिल्लक. निघाली २८८. दुकानदारानं फसवलं नव्हतं. रोलवर दहा यार्ड लिहिलेलं होतं आणि यार्ड म्हणजे आपला वार, ३६ इंच. नऊवारी नेसणाऱ्या घरात वाढलेल्या मला वार आणि मीटर यांतला फरक कुणी वेगळा शिकवायची गरज नव्हती, पण दहाचा आकडा वाचला आणि पुढचं वाचलंच नाही. दहा वारांत ३६ फुलं होतात. कमी पडलेल्या फुलांसाठी त्याच रंगाचा रोल पुन्हा मागवला तर त्याची छटा वेगळी आली. शेजारी शेजारी ठेवल्यावर जुनं डाळिंबी आणि नवं विटकरी दिसायला लागलं. एका कामाची सगळी रिबन एकाच वेळी, एकाच खोक्यातली घ्या आणि एक रोल जास्त घ्या. उरलेला रोल वाणाच्या पुड्यांना कामी येतो. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत होलसेल माल मिळतो, पण तिथे जाऊन येण्यात दिवस मोडतो. थोड्या कामाला संगमनेरचा बाजार पुरतो.

नव्यानं ऑर्डरी घेणाऱ्या मुलींना एकच सांगते. कुणी फोटो पाठवून "अगदी असंच ताट हवं" म्हणालं तर आधी विचारा, यात दिवा ठेवणार का? हो म्हणाले तर झालरीला नाही म्हणा. ऑर्डर गेली तर जाऊ द्या. वस्तू आपल्या हातातून गेल्यावर ती कुणाच्या घरात, कुणाच्या लेकराजवळ असेल ते आपल्याला दिसत नाही.

माझ्या त्या १४ ताटांपैकी ११ परत आली. तीन जणींनी ती पुढे भेट दिली होती, एक मुंबईला, दोन नाशिककडे, आणि ती कुणाकडे पोचली ते मला कळलं नाही. दहा इंची स्टीलचं ताट, गुलाबी झालर, बुडाशी पांढऱ्या मोत्यांची सर आणि मध्ये साटिनचं कमळ, असं ताट तुमच्या घरात असेल, तर येत्या सणाआधी कात्री घेऊन त्याची झालर आणि कमळ कापून टाका. ताट चांगलं आहे, ते वापरा.