जावा: एक विंडो बंद केली की सगळं सॉफ्टवेअर का बंद होतं?

बटण दाबून दुसरी विंडो कशी उघडायची ते आपण मागच्या व्हिडिओत बघितलं. उघडणं सोपं असतं, भानगड होते ती बंद करताना.

खर्ड्यातल्या आमच्या पाइप-फिटिंगच्या दुकानात बिलाचं सॉफ्टवेअर मी स्वतः नेटबीन्समध्ये केलंय. बीबीएला आम्हाला जावा नव्हतं, नंतर शिकलो, त्यामुळे त्यातल्या चुकाही माझ्याच. एका बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक समोर उभं, बिलावर चौदा नग चढवलेले. त्यांनी विचारलं, "मागची बाकी किती राहिली हो?" काउंटरवरच्या पोरानं उधारीची विंडो उघडली, आकडा सांगितला आणि कोपऱ्यातली फुली दाबली. उधारी गेली, बिल गेलं, मेन मेनूही गेला. सगळा माल पिशवीतून बाहेर काढून परत मोजावा लागला. रात्री हिशेब करताना कळलं, दुसऱ्या बिलात एक बॉल व्हॉल्व्ह चढलाच नव्हता.

पोराची चूक नव्हती. नेटबीन्समध्ये नवीन जेफ्रेम फॉर्म घेतला की त्याच्या प्रॉपर्टीत 'एक्झिट ऑन क्लोज' आधीच लिहिलेलं येतं. त्याचा अर्थ 'ही विंडो बंद कर' असा नाही, 'पूर्ण प्रोग्राम बंद कर' असा आहे. मेन मेनूला ते ठीक. बाकी विंडोंना 'डिस्पोज ऑन क्लोज' द्या, म्हणजे तेवढीच विंडो जाते.

'हाइड ऑन क्लोज' असाही पर्याय आहे. हातानं कोड लिहून जेफ्रेम केली आणि काहीच सांगितलं नाही, तर जावा हाच धरतो. यात विंडो फक्त दिसेनाशी होते, मेमरीत तशीच राहते. दिवसभरात उधारीचं बटण तीस वेळा दाबलं आणि दरवेळी 'न्यू' लिहिलेलं असलं, तर तीस विंडो मागे पडून राहतात. वर सगळ्या विंडो बंद केल्या तरी टास्क मॅनेजरमध्ये जावा चालूच दिसतो. "कॉम्प्युटर दुपारनंतर हळू होतो" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं.

लॉगिनवरून मेनूवर जाताना आधी नवी विंडो 'सेट व्हिजिबल'ला 'ट्रू' देऊन दाखवा, मग जुनीला 'डिस्पोज' करा. सारखी अदलाबदल लागत असेल तर एकाच जेफ्रेममध्ये कार्डलेआउट लावून पॅनेल बदलणं बरं. उधारी बघण्यासारख्या छोट्या कामाला मी आता जेडायलॉग वापरतो, तोही मोडल. तो बंद केल्याशिवाय मागच्या बिलाला हात लागत नाही.

आता बिलाची विंडो. हिला 'डू नथिंग ऑन क्लोज' द्या. म्हणजे फुली दाबली तरी आपोआप काही होणार नाही. मग 'विंडो क्लोजिंग' इव्हेंटमध्ये जेऑप्शनपेननं विचारा: "बिल सेव्ह झालेलं नाही, बंद करायचं?" उत्तर 'येस' आलं तरच डिस्पोज. इथे 'नो नसेल तर बंद कर' असं उलटं लिहू नका. माणूस त्या प्रश्नाच्या चौकटीचीच फुली दाबतो, तेव्हा उत्तर ना येस येतं ना नो, आणि बिल उडतं.

अजून एक खाच आहे, माझे दोन दिवस यातच गेले. तुमच्या 'मागे जा' बटणानं थेट डिस्पोज केलं, तर 'विंडो क्लोजिंग' चालतच नाही. तो इव्हेंट फुलीचा. डिस्पोजनंतर येतो तो 'विंडो क्लोज्ड', आणि तोवर विचारायची वेळ गेलेली असते. म्हणून विचारण्याचा कोड एका वेगळ्या मेथडमध्ये ठेवा आणि फुली व बटण दोन्हीकडून तीच बोलवा.

लाइट गेली तर मात्र यातलं काहीच चालत नाही, तिथे कोणता इव्हेंट येणार? त्यासाठी प्रत्येक नग चढवला की कच्चं बिल डेटाबेसमध्ये टाकायचं. ते पुढच्या व्हिडिओत करू. तोपर्यंत आपला प्रोजेक्ट उघडा आणि एकेका फॉर्मची ती प्रॉपर्टी तपासून घ्या.