दीघजाणूचा प्रश्न आणि आपले रोजचे काम



“पाळी संपवून घरी यावे तर अंगात त्राण नसते, मग धम्म केव्हा आचरायचा?” भिलाईच्या कारखान्यात काम करणारे उपासक असे विचारतात. परीक्षा जवळ आली की आम्ही विद्यार्थीही हेच म्हणतो.

कोलियांच्या कक्करपत्त गावी दीघजाणू नावाच्या गृहस्थाने भगवंतांना असेच काहीसे विचारले होते. अंगुत्तर निकायात हा प्रसंग येतो. आम्ही बायकामुलांत राहणारी, सोने-चांदी बाळगणारी माणसे, आमच्या हिताचे सांगा, अशी त्याची विनंती होती. भगवंतांनी त्याला घर सोडायला सांगितले नाही. या जीवनात सुख देणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या.

१. उट्ठान संपदा : शेती, व्यापार, नोकरी, कारागिरी, जे काम असेल त्यात कुशल असणे, आळस न करणे आणि योग्य उपाय शोधणे.

२. आरक्ख संपदा : घाम गाळून, धम्माने मिळवलेले सांभाळणे.

३. कल्याणमित्रता : श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा असलेल्यांची संगत धरणे.

४. समजीविता : तराजू धरणाऱ्याप्रमाणे आय-व्ययाचा तोल ठेवणे.

यातील पहिली गोष्ट मला एका चुकीने शिकवली. मी वाणिज्य शाखेत शिकते. एका दुकानात हिशेब लिहायला जात होते, तेव्हा एका संध्याकाळी गल्ल्यात ५४० रुपये कमी भरले. मालकांचा संशय गल्ल्यावर बसणाऱ्या मुलावर गेला. फरक उचंत खात्यात टाकून घरी जावे, असे मला वाटले. पण ५४० ला ९ ने भाग जातो, आणि असा फरक आला की आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता असते, हे मला शिकवलेले होते. मी सगळ्या पावत्या पुन्हा पाहिल्या. १,७१० रुपये दिलेले मी १,१७० लिहिले होते.

चूक सापडली, पण ती माझी आहे हे मालकांना सांगणे जड गेले. सांगितले नसते तर त्या मुलाच्या माथी चोरीचा डाग राहिला असता. त्या दिवशी मला कळले, की उट्ठान म्हणजे नुसते जास्त तास राबणे नव्हे. आपल्या कामाचा परिणाम कोणावर होतो, हे ओळखून ते नीट करणे म्हणजे उट्ठान. सम्यक आजीविकाही तिथेच सुरू होते.

भिलाईत बनलेल्या रुळांवरून देशभर गाड्या धावतात. रूळ तपासणारा आपले काम लक्षपूर्वक करतो, तेव्हा कधी न पाहिलेल्या प्रवाशांची तो काळजी घेत असतो. हीच कामातली मैत्री भावना.

या आठवड्याचा अभ्यास : काम किंवा अभ्यास सुरू करण्यापूर्वी तीन श्वास सजगपणे घ्या. हे काम कोणाच्या उपयोगी पडणार, ते आठवा. रात्री झोपण्यापूर्वी दिवसातील एक चूक वहीत लिहा आणि ती कोणाला सांगायची ते ठरवा. पुढच्या अभ्यासवर्गात आपला अनुभव जरूर मांडा.

सर्वांचे मंगल होवो.