पुरीत परवडणारी खोली

प्रश्न : नोव्हेंबरात आईबाबांना घेऊन पुरीला जायचं आहे. खोलीसाठी रोज दीड हजार बाजूला ठेवलेत. स्वर्गद्वाराजवळ समुद्रासमोरचीच खोली घ्यावी ना?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : समुद्रासमोरची खोली म्हणजे निवांत खोली, असं नाही. स्वर्गद्वार हा पुरीतला सर्वांत गजबजलेला भाग. रात्री उशिरापर्यंत बाजार, आणि तिथेच स्मशानभूमीही आहे. आईबाबांना ते चालेल का, आधी विचारा. चक्रतीर्थ रोड त्या मानाने शांत. मागच्या गल्लीत भाडं उतरतं आणि किनारा चालत गाठता येतो. लिफ्ट नसेल तर तळमजलाच मागा.

खरी मेख चेकआउटची. पुरीत बऱ्याच हॉटेलांत सकाळी सात-आठलाच खोली सोडावी लागते. तुमची गाडी रात्रीची असेल तर सामान कुठे ठेवणार, हे फोनवरच ठरवा. फोटो बघून सगळे पैसे भरू नका. एका रात्रीचं बुकिंग करा, खोली पटली तर मुक्काम वाढवा. कार्तिक पौर्णिमेच्या आसपास मात्र ही युक्ती चालणार नाही, गर्दी फार असते.

आणि हो, तिथल्या लाटा ओढून नेणाऱ्या आहेत. टोकदार टोपीवाले नोलिया, म्हणजे तिथले जीवरक्षक, जवळ असतील तरच पाण्यात उतरा, तेही गुडघ्यापर्यंतच.