अडचणीच्या दिवसांत पत्रमित्राचा आधार

घरातील मृत्यू, दीर्घ आजार, गेलेली नोकरी, परीक्षेतील अपयश अशा प्रसंगी घरच्यांपाशी मन मोकळे करणे अनेकांना जमत नाही. आपल्यामुळे त्यांना आणखी त्रास नको, असे वाटते. मग तीच काळजी झोप उडणे, डोके दुखणे, छातीत धडधडणे, भूक मंदावणे अशा रूपाने बाहेर पडते. अशा वेळी दूरगावच्या पत्रमित्राचा उपयोग होतो. तो आपल्या सोयऱ्याधायऱ्यांत नसल्याने त्याला मोकळेपणी लिहिता येते.

मनात काळजी गोल गोल फिरत राहते. कागदावर उतरवताना मात्र आधी काय घडले, मग काय वाटले, असा क्रम लावावा लागतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी ओळीने चार दिवस, रोज १५ मिनिटे आपल्या दुःखद अनुभवांबद्दल लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढील सहा महिन्यांत डॉक्टरांकडे कमी वेळा जावे लागले. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होते. त्याला घाबरू नये. ऐन झोपण्याच्या वेळी मात्र लिहायला बसू नये.

आलेल्या पत्राचे मोल तर त्याहून मोठे. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. जेरोम मोटो यांनी नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी काहींना पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली. पत्रांत फक्त आस्थेने चौकशी असे. उत्तराचा आग्रह नसे. पत्रे मिळालेल्यांत पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळले.

म्हणून दुःखातल्या मित्राला उत्तर देताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) उपदेश करू नये. ‘तुमचे पत्र वाचले, तुमची आठवण आहे’ एवढेही पुरते.

२) ‘इतरांची दुःखे याहून मोठी आहेत’ असे लिहू नये.

३) पत्र लांबलचक नसले तरी चालेल, पण खंड पडू देऊ नये.

४) एखादी साधी हकिकत लिहावी. पाऊस, शेजारची मुले, अंगणातले झाड, काहीही चालते.

नव्याने ओळख झालेल्या पत्रमित्राने पैसे मागितल्यास पाठवू नयेत, बँकेचा तपशीलही कळवू नये.

पत्र हा आधार आहे, औषधाला पर्याय नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप व भूक गेली, तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी पत्रात लिहिले, तर टपालाची वाट पाहू नये. त्याच्याशी लगेच फोनवर बोलावे, त्याच्या जवळच्या माणसांना कळवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र व विनामूल्य आहे. तिथे मराठीतही बोलता येते.