अस्थानिक गर्भधारणा : विरळा प्रकारांचे निदान

गुलमंडीच्या बाजारपेठेत लग्नसराईच्या खरेदीसाठी पैठण, फुलंब्री, खुलताबाद या तालुक्यांतून स्त्रिया येतात. त्यांपैकी एखादीला भर बाजारात घेरी आली, तर उन्हाला दोष देऊन लिंबूसरबत पुढे केले जाते. परंतु तिची पाळी चुकलेली असेल आणि ओटीपोटात किंवा खांद्याच्या टोकाशी दुखत असेल, तर पोटात रक्तस्राव चालू असण्याचा संभव असतो. तिला काही खाऊपिऊ न घालता 'घाटी'त, म्हणजे १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तत्काळ नेले पाहिजे.

शंभर गर्भधारणांमागे एक ते दोन वेळा गर्भ गर्भाशयाच्या पोकळीबाहेर रुजतो. त्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत आढळतात. खरी कसोटी लागते ती उरलेल्यांत. नलिका गर्भाशयाच्या भिंतीतून जाते, त्या भागात रुजलेला गर्भ स्नायूंच्या आवरणामुळे उशिरा फुटतो व रक्तस्राव भयंकर होतो. सोनोग्राफीत मात्र तो गर्भाशयातच असल्याचा भास होऊ शकतो. गर्भाशयमुखातील किंवा पूर्वीच्या सिझेरियनच्या व्रणातील गर्भ अपूर्ण गर्भपातासारखा दिसतो. त्या समजुतीने क्युरेटिंग केल्यास रक्त आवरणे कठीण होते. म्हणूनच आधीच्या प्रसूतीची चौकशी ही केवळ नोंदवहीची बाब नव्हे. बीजकोशातील गर्भाचे निकष जर्मन वैद्य स्पीगेलबर्ग यांनी १८७८ मध्ये घालून दिले. आजही त्याची खात्री बहुधा शस्त्रक्रियेनंतर, सूक्ष्मदर्शकाखालीच पटते. क्वचित एक गर्भ आत व दुसरा बाहेर असतो. नैसर्गिक गर्भधारणेत हे सुमारे तीस हजारांत एकदा घडते, परंतु नलिका-शिशू उपचारांनंतर त्याचे प्रमाण बरेच वाढते. तेव्हा गर्भाशयात गर्भ दिसला की शोध संपला, असे नेहमीच म्हणता येत नाही.

निदानासाठी योनिमार्गे केलेली सोनोग्राफी व रक्तातील एचसीजीची ४८ तासांच्या अंतराने दोनदा मोजणी यांची सांगड घालावी लागते. एकट्या आकड्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालील 'एफ' नमुन्यात अस्थानिक गर्भाचा शोध हे सोनोग्राफीचे मान्य कारण आहे. कागदपत्रांच्या धास्तीने तपासणी टाळण्याचे प्रयोजन नाही.

दुकानातून परस्पर घेतलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांनी अस्थानिक गर्भ नष्ट होत नाही. गोळ्यांनंतर रक्त गेले म्हणजे काम झाले, असे समजून स्त्री घरी राहते, आणि नलिका फुटेपर्यंत कोणास पत्ता लागत नाही.