जलसंजीवनीचे माप आणि चित्रफिती

बालकास जुलाब सुरू झाले की अनेक घरांत आता प्रथम भ्रमणध्वनीवरील चित्रफीत पाहिली जाते. सांगणारा आत्मविश्वासाने बोलतो. तो कोण, हे मात्र कळत नाही. प्रेक्षकसंख्या ही काही वैद्यकाची पदवी नव्हे!

जलसंजीवनीचेच उदाहरण घ्यावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या द्रावणाने पटकीच्या असंख्य रुग्णांना जीवदान दिले. या उपचाराचे सारे मर्म प्रमाणात आहे. २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावयाचे असते. तेच पेलाभर पाण्यात घातल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण वाढून बालकाच्या जिवावर बेतू शकते. २०० मिलिलिटर पाण्यासाठीची लहान पाकिटेही मिळत असल्याने घोटाळा सहज होतो. अर्ध्या मिनिटाच्या घाईत गळते ते नेमके हे माप. जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावी, स्तनपान चालू ठेवावे, मूल मलूल झाल्यास वा डोळे खोल गेल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, हेही त्यात मावत नाही.

आशा स्वयंसेविकेने ग्रामसभेत लिटरभराचे भांडे समोर ठेवून द्रावण करून दाखविल्यास ते माप मातांच्या नजरेत बसते. पाकिटावरील मजकूर मोठ्याने वाचून घेण्याचे काम शाळेतील मुलेही करू शकतात.